परत इलां म्हणजे पोचलां

परबांना काहीही सांगितलं की ते तेच वाक्य जसंच्या तसं आपल्याला परत देत. "उद्या पाणी सात ते आठ," असं मी म्हटलं की ते शांतपणे म्हणत, "उद्या पाणी सात ते आठ." चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. मी तेव्हा सोसायटीचा नवा सेक्रेटरी झालो होतो. सेक्रेटरीची टर उडवणं हा बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीचा आवडता उद्योग असल्यामुळे मला वाटलं, हा तळमजल्यावरचा माणूसही त्यातलाच.

त्याच संध्याकाळी ते जिन्यात मला आडवे आले. "सेक्रेटरी, टाकीचं झाकण उघडं आहे."

"बघतो."

परब हलले नाहीत. "टाकीचं झाकण उघडं आहे," ते पुन्हा म्हणाले.

"अहो, बघतो म्हटलं ना."

"बघतो नको. काय उघडं आहे ते बोला."

"टाकीचं झाकण उघडं आहे," मी एकदाचा वैतागून म्हणालो.

"आता कसं," असं म्हणून ते बाजूला झाले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की तळमजल्यावरच्या परबांच्या डोक्यात थोडी गडबड आहे. बायको म्हणाली, "गडबड कसली, तुम्ही बघतो म्हणता आणि विसरता, हे त्यांना दोन दिवसांत कळलं."

परब रेल्वेत केबिनमन होते. तीस वर्षं त्यांनी लिव्हर ओढून सांधे बदलले. सांधा म्हणजे एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर जाते ती जागा. एका केबिनने पुढच्या केबिनकडे गाडी सोडायची तर आधी घंटीचे ठरलेले ठोके द्यायचे. पुढच्याने तेवढेच ठोके परत वाजवायचे. ते परत आले नाहीत तोवर आपण काही सांगितलंच नाही असं धरून चालायचं. हे सगळं मला समजावून सांगितल्यावर परबांनी त्यावर आपल्या मालवणीत शिक्का मारला, "सांगलां म्हणजे पोचलां असां नाय, सेक्रेटरी. परत इलां म्हणजे पोचलां."

माणसं रिटायर होतात, सवयी होत नाहीत. परबांच्या घरात सगळा व्यवहार असा दुहेरी चाले. "मीठ संपलां." "मीठ संपलां." "दार लाव गो." "दार लावतंय." बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत पाढे चालले आहेत. इंदूवहिनींना याचा त्रास होत नसे. लग्नानंतरची बारा वर्षं त्यांनी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, केबिनच्या अगदी पायथ्याशी काढली होती. चपात्या लाटता लाटता त्या ठोक्यांवरून कुठली गाडी येते ते सांगायच्या. तोंडात घास असताना परबांनी काही सांगितलं तर त्या ताटाच्या कडेवर बोटाने टकटक करत, आणि परबांना तेवढं पुरे.

मुलगी बघायला परब गेले होते तेव्हाची गोष्ट वहिनी फार रंगवून सांगत. "हे बोलले, 'मी रेल्वेत आसंय.' मी खाली मान घालून गप. परत बोलले, 'मी रेल्वेत आसंय.' माझ्या बापाशीक वाटलां, जावयाक ऐकाक कमी येता. तिसऱ्या टायमाक मीच बोललंय, 'तुमी रेल्वेत आसात.' तेवा खंय ह्यांनी पोह्यांक हात लावल्यानी." परब त्यावर काही न बोलता सुपारी कातरत राहत. पण त्यांचे कान लाल होत. मला तेव्हा ते आवडत.

रंगीत टीव्ही घरोघर येत होते त्या वर्षी परबांचा मुलगा प्रकाश मस्कतहून बायको-मुलीला घेऊन सुट्टीवर आला. मुलीसाठी त्याने तिकडून एक मोठा खोका आणला होता. प्लॅस्टिकचे रंगीत ठोकळे एकमेकांत दाबून बसवायचे आणि त्यातून इंजिन, डबे, स्टेशन असं सगळं उभं करायचं. रूळही तसेच जोडायचे. मुलीला दोन दिवसांत कंटाळा आला, जाताना सामानाचं वजन जास्त झालं, आणि खोका बोरीवलीलाच राहिला.

परबांनी तो आठवडाभर नुसता न्याहाळला. मग माळ्यावरचं एक जुनं दार दोन ट्रंकांवर आडवं टाकून त्यावर रूळ जोडले. मला बोलावून दाखवलं. गाडी छान पळत होती. मी म्हणालो, "झकास."

"कसलं झकास? सांधा हाताने फिरवायचा. बोटाने!" त्यांनी रुळाशेजारची एवढीशी पिवळी दांडी मला दाखवली. "ही काय रेल्वे झाली? ही तर रिक्षा झाली."

तेव्हा ते तेवढ्यावरच थांबलं. दार पुन्हा माळ्यावर गेलं. पण पुढच्याच महिन्यात इंदूवहिनींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर त्या खिडकीजवळच्या कॉटवर पडून असत. डोळे उघडे. त्यांना समोरचं काही समजतं की नाही, हे डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, सांगता येत नाही. डावा हात चालता ठेवा, एवढंच.

आमच्या इमारतीत फोन माझ्याकडे होता. दर रविवारी दुपारी चारला मस्कतहून प्रकाशचा फोन येई आणि परब वर येऊन बोलत. प्रकाश वाईट मुलगा नव्हता. तो सरळ हिशोबाने विचारायचा, "बाबा, आईला कळतंय का? कळत नसेल तर नर्सिंग होममध्ये ठेवू या. तिला घर काय आणि ते काय, सारखंच. तुमचे हाल मला बघवत नाहीत." फोनमध्ये सगळं इतकं मोठ्याने बोलावं लागे की मलाही ऐकू येई. परब म्हणत, "बघूया." बघूया हा शब्द त्यांच्या तोंडी मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

त्या दिवसांतलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी पावतीवर सही घ्यायला गेलो होतो. परब हातात चहाचं भांडं घेऊन कॉटपाशी उभे होते. "इंदू, चा ठेवतंय," ते म्हणाले आणि थांबले. पाणी गॅसवर ठेवायचं होतं, पण ते थांबूनच राहिले. मिनिटभराने स्वतःशीच मान हलवून आत गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा ते काही न सांगता चहा ठेवत होते. मला फार वाईट वाटलं. मी तसं बोलून दाखवलं नाही, कारण बोललो असतो तर त्यांनी ते वाक्य मला परत म्हणून दाखवलं असतं.

मग परबांनी माळ्यावरून दार खाली काढलं.

त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. रूळ तीन करायचे, सांधे दोन, आणि ते सांधे वहिनींनी कॉटवरून, बटण दाबून बदलायचे. आपण 'दोन' म्हणायचं. गाडी दोन नंबरला गेली तर वहिनींना समजलं. "मग परकाशाक काय ता सांगतंय," ते म्हणाले.

सांधा लांबून हलवायचा तर त्याला ढकलणारं काहीतरी हवं. परबांना ते सापडलं दाराच्या टिंगटाँग घंटीत. त्या घंटीत तारेचं एक रीळ असतं. बटण दाबलं की ते मधल्या लोखंडी कांडीला खेचतं आणि कांडी पत्र्यावर आपटते. तशी दोन रिळं समोरासमोर ठेवली की कांडी पाहिजे त्या बाजूला खेचता येते. कांडीला सायकलचा स्पोक बांधला, स्पोक सांध्याला अडकवला, की झालं. दोन सांध्यांना चार घंट्या लागणार होत्या. परबांनी सोसायटीत बिघडलेल्या घंट्या मागायला सुरुवात केली. तीन मिळाल्या. चौथी दुसऱ्या मजल्यावरच्या मेहताबेननी दिली, आणि ती बिघडलेली नव्हती. आठवडाभराने त्यांनी माझ्याकडे तक्रार केली, "सेक्रेटरी, मेरा बेल कब वापस आएगा? दूधवाला दरवाजा ठोकता है." मी तक्रार लिहून घेतली आणि फाईलला लावली.

घरचा करंट वहिनींच्या हाताजवळ न्यायचा नाही, हे परबांनी पहिल्यांदा ठरवलं. म्हणून चारही रिळांची बारीक तार उलगडून जाड तार गुंडाळली आणि जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर लावून करंट अगदी कमी केला. तार गुंडाळताना वेढे मोजायचे होते. ते काम दोघांचं होतं. परब म्हणायचे, "शंभर." मी म्हणायचो, "शंभर." माझ्या ऑफिसात मी आवक-जावक विभागात शिक्के मारत असे. दिवसभर शिक्के मारून आल्यावर संध्याकाळी हे. बायको म्हणायची, "तुम्हाला चांगली नोकरी लागली."

पहिली चाचणी माझ्या हातून बिघडली. परब म्हणाले, दाबा. मी दाबलं. टक् करून सांधा फिरला. मी खूष होऊन तसाच अंगठा दाबून उभा राहिलो. थोड्या वेळाने जळका वास आला, मग धूर.

"सोडा! सोडा!" परब ओरडले. "दाबायचं आणि सोडायचं. घंटीवर कोण झोपतं काय?"

ते रीळ पुन्हा गुंडाळावं लागलं. शंभर, शंभर.

सगळ्यांत जास्त वेळ त्यांनी दिव्यांवर घालवला. प्रत्येक रुळाला टॉर्चचा एक एक बल्ब होता. बटण दाबलं म्हणून तो लागत नसे. सांध्याची जीभ, म्हणजे त्याची हलणारी पट्टी, रुळाला नीट टेकली, तिथल्या दोन पितळी पट्ट्या एकमेकींना भिडल्या, तरच लागायचा. यात रोज काहीतरी अडायचं. एकदा मी म्हणालो, "परब, बल्ब सरळ बटणालाच जोडा ना. वहिनी दाबतील, दिवा लागेल, त्यांना बरं वाटेल. कोण बघतंय?"

परब माझ्यावर चिडले ते त्या एकदाच. हातातली पक्कड त्यांनी खाली ठेवली. "तरुण होतो तेव्हा एका यार्डात मी लिव्हर ओढली. हाताला नेहमीपेक्षा हलकी लागली. पण ओढली गेली ना, म्हणून मी सांधा बसला असं सांगून टाकलं. जिभेत लिंबाएवढी खडी अडकली होती. वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, घसरल्या. खाली भिकू सांधेवाला उभा होता, त्याचा पाय गेला. बिचारा मला कधी काही बोलला नाही." मग ते म्हणाले, "खोटा दिवा लावायचा नाही. माझ्यासाठी पण नाही."

मी पक्कड उचलून त्यांच्या हातात दिली. मला माझीच लाज वाटली.

रेल्वे तयार झाली. कॉटला लागून ते दार आणि रूळ, वहिनींच्या मांडीवर एक लाकडी पाटी, पाटीवर घंटीची तीन पांढरी बटणं. परब कॉटच्या पायथ्याशी उभे राहत आणि म्हणत, "इंदू, दोन." वहिनींचा डावा हात हळूहळू सरकायचा आणि एक नंबरचं बटण दाबायचा. दिवा लागायचा एक नंबरचा. "एक नाय गो, दोन." पुन्हा एक नंबर. "तीन," म्हटलं तरी एक नंबर. वर त्या बटणाशी चाळा करत राहायच्या, आणि परब म्हणायचे, "पुरे गो, रीळ जळात."

रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. पंधरा दिवस झाले. दिवा एक नंबरचाच. परबांनी दाढी करणं सोडलं. एका रविवारी फोनवर मी त्यांना म्हणताना ऐकलं, "नाय रे परकाश. परत येत नाय." पलीकडून प्रकाश बराच वेळ बोलत होता. तो म्हणाला, पुढच्या रविवारपर्यंत नर्सिंग होमचं बघून ठेवतो. परब म्हणाले, "पुढच्या रविवारी." ते वाक्य परत देताना त्यांचा आवाज अर्धा झाला होता.

पुढच्या रविवारी मी साडेतीनलाच खाली गेलो, फोनची आठवण करायला. परबांनी शेवटचं म्हणून एकदा पाटी वहिनींच्या मांडीवर ठेवली होती. मी कॉटच्या कडेला स्टुलावर बसलो. परबांची नजर दिव्यांवर होती. मला त्या दिव्यांचा कंटाळा आला होता, म्हणून मी वहिनींच्या हाताकडे बघत होतो.

"इंदू, दोन."

एक नंबरचं बटण खाली गेलं. टक्. दिवा लागला. बटण पुन्हा खाली गेलं. सांधा आधीच बसलेला, त्यामुळे या वेळी नुसती बटणाची बारीक टिक.

"एक नाय गो. तीन. तीन दाब."

टिक. टिक. टिक. मग बोट थांबलं.

शिक्के मारणाऱ्या माणसाला ठोके मोजायची सवय असते. मी म्हणालो, "परब, चार म्हणा."

"चार नंबर कुठे आहे?"

"नसू दे. म्हणा."

"चार," परब म्हणाले.

टिक. टिक. टिक. टिक.

परबांचे डोळे अजून दिव्यावरच होते. मी म्हणालो, "अहो, दिव्याकडे काय बघताय? ऐका! वहिनी बटण कुठलं ते बघतच नाहीत. हाताला जे जवळ आहे, त्यावर तुम्ही सांगाल तेवढे ठोके देताहेत. इतके दिवस देताहेत."

तीस वर्षं घंटी ऐकलेल्या माणसाला हे ऐकू आलं नव्हतं, कारण तो परतीचा दिवा बघत होता. परब पुढे झाले. कॉटच्या लाकडावर त्यांनी बोटाच्या पेराने ठोके दिले, काही भरभर, मग थांबून काही सावकाश. कुठल्या गाडीचे होते मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही. वहिनींचं बोट बटणावर गेलं. तेवढेच भरभर, तेवढाच थांबा, तेवढेच सावकाश. सगळं परत आलं.

परब ट्रंकेवर बसले आणि रडले. मीही जरा खिडकीबाहेर बघितलं. वहिनी आमच्याकडे बघत होत्या. इतके दिवस उत्तर देऊन देऊन दमलेल्या माणसाने जसं बघावं तसं.

तेवढ्यात वरून बायकोने हाक मारली, "अहो, मस्कतचा फोन!" परब माझ्याआधी जिना चढले. रिसीव्हर कानाला लावून त्यांनी नेहमीपेक्षाही मोठ्याने सांगितलं, "परकाश, तुझ्या आवशीक सगळां समाजता." मग थांबले. "काय बोललंय ता परत बोल." पलीकडे प्रकाश काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण परबांनी मान डोलावली आणि रिसीव्हर खाली ठेवला.

त्यानंतर वहिनींच्या पाटीवर तीनऐवजी एकच बटण राहिलं, आणि त्याला परबांनी घंटीचा पत्रा परत बसवला. "चा ठेवतंय," टिंग. "दार लावतंय," टिंग. नको असेल तर दोनदा. सांधे, रूळ, ती गाडी तशीच बाजूला धूळ खात राहिली. दिवसभर टिंगटिंग होते म्हणून दोन लेखी तक्रारी आल्या, त्यातली एक मेहताबेनची. मी दोन्ही फाईलला लावल्या. पुढे मेहताबेनच भाजीची पिशवी घेऊन खिडकीशी थांबू लागल्या. "केम छो भाभी?" म्हणायच्या, टिंग ऐकायच्या आणि मग जिना चढायच्या.

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी थंडीत इंदूवहिनी झोपेतच गेल्या.

परब त्यानंतर महिनाभर राहिले. चारही घंट्या त्यांनी पहिल्यासारख्या बारीक तारेने पुन्हा गुंडाळल्या आणि ज्याच्या त्याच्या दाराला नेऊन लावल्या. या वेळी मला शंभर म्हणायला बोलावलं नाही. त्या चार घंट्यांतली एक माझी होती. ठोकळ्यांचा खोका प्रकाशच्या नावाने बांधून ठेवला. मग गावी, कुडाळकडे जायचं ठरवलं.

निघाले त्या सकाळी ते वर आले. हातात एक पिशवी, खाली रिक्षा उभी. मी दारात उभा होतो.

"सेक्रेटरी, टाकीचं झाकण लावलंय."

"टाकीचं झाकण लावलंय," मी म्हणालो.

"येतंय हां."

मला 'येतंय' म्हणायचं होतं. निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, आणि परत काय द्यायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. पण तो शब्द माझ्या तोंडून निघेना. खाली रिक्षावाला हॉर्न मारत होता. परब हलले नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे बघत थांबून राहिले.

शेवटी मी हात लांब करून माझ्याच दाराची घंटी दाबली, आणि सोडली.

परबांनी मान डोलावली आणि ते जिना उतरू लागले.